अर्ध्या हंगामात बदललेला नियम नेमका कोणावर पडतो?

युरोपातल्या बहुतेक फॉर्म्युला वन शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात, आणि नागपुरातल्या आमच्या घरी त्या वेळी माझा पुतण्या हटकून हजर असतो. तो स्पर्धा परीक्षांची तयारी करतो, दिवसभर धंतोलीतल्या एका अभ्यासिकेत बसतो, आणि शर्यत हा त्याचा आठवड्यातला एकमेव विरंगुळा आहे. १ जून २०२५ रोजी बार्सिलोनाच्या शर्यतीपासून गाडीची पुढची विंग, म्हणजे हवेच्या दाबाने गाडीला जमिनीकडे दाबून धरणारी पट्टी, किती वाकते हे तपासणारी चाचणी अधिक कडक झाली, तेव्हा त्याने मला विचारले, "काका, अर्धा पेपर सोडवून झाल्यावर मार्किंग बदललं तर चालते का?" प्रश्न नेमका होता आणि त्याचे उत्तर 'नाही' असेच द्यावेसे वाटत होते. पण मोटार शर्यतींच्या इतिहासात अशा बदलांची जी उदाहरणे आहेत ती एकाच मापाने मोजता येत नाहीत, आणि पुतण्याने ज्या उदाहरणावर बोट ठेवले ते तर या यादीत जवळजवळ बसतच नाही.

त्या चाचणीत विंगवर १०० किलोंचा भार टाकतात. आधी त्या भाराखाली विंगला १५ मिलिमीटरपर्यंत वाकण्याची मुभा होती, ती १० मिलिमीटरवर आणली गेली. मात्र हा बदल नवव्या शर्यतीपासून लागू होणार हे जागतिक मोटार क्रीडा महासंघाने, म्हणजे एफआयएने, जानेवारीतच, पहिल्या शर्यतीच्या कितीतरी आधी संघांना कळवले होते. जुन्या विंग वाया जाऊ नयेत आणि नव्या बनवायला वेळ मिळावा म्हणून मुद्दाम ही मुदत दिलेली होती. तेव्हा नियम मध्येच 'लागू' होणे आणि मध्येच 'जाहीर' होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात प्रत्येकाला आपले नियोजन करता येते, दुसऱ्या प्रकारात ज्याने आधीच्या नियमावर भिस्त ठेवली तो उघड्यावर पडतो. बार्सिलोनाला ज्यांच्या विंगविषयी सर्वाधिक शंका घेतली जात होती त्या मॅक्लारेनच्याच दोन गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

नियम बदलण्याची पद्धत थोडक्यात अशी आहे. गाडी कशी असावी हे तांत्रिक नियम सांगतात आणि शर्यत कशी चालवावी हे क्रीडा नियम सांगतात. दोन्हींतले बदल हंगाम सुरू होण्यापूर्वी पुरेसे आधी जाहीर व्हावेत, त्याहून उशिरा करायचे असल्यास संघांची संमती असावी, आणि सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मात्र महासंघाने कोणाच्याही संमतीशिवाय लगेच पाऊल उचलावे, असे हे मूळ तत्त्व आहे. २०२१ ते २०२५ या काळातल्या व्यवस्थेत फॉर्म्युला वन आयोगात ३० मते होती: दहा संघांची दहा, महासंघाची दहा आणि व्यावसायिक हक्क असलेल्या कंपनीची दहा. चालू हंगामात बदल करायचा तर त्यांतली २८ मते लागत, म्हणजे दहापैकी किमान आठ संघ राजी हवेत. ही अट कागदावरची नाही. मार्च २००९ मध्ये, पहिली शर्यत तोंडावर आली असताना, सर्वाधिक शर्यती जिंकणाऱ्यालाच विजेतेपद द्यावे असा निर्णय महासंघाने जाहीर केला होता. इतक्या उशिरा हे करता येणार नाही असे संघांनी दाखवून दिल्यावर तो काही दिवसांतच मागे घ्यावा लागला.

मग अडचण कुठे येते? ती येते 'नियम सर्वांना सारखाच आहे' या वाक्यात. हे वाक्य नेहमी खरे असते आणि बहुतेक वेळा अपुरे असते. आपल्या विदर्भातल्या शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, उदाहरण घेऊ. समजा, तीन दिवसांच्या पटात दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांनी सांगितले की आजपासून धावेचे अंतर दीडपट. नियम सगळ्या जोड्यांना सारखाच आहे. पण ज्या धुरकऱ्याने वर्षभर आपली जोडी आखूड अंतरावर झेप घेण्यासाठी तयार केली, त्याची मेहनत एका वाक्यात मातीत गेली, आणि ज्याची जोडी मुळात दमदार पण सुरुवातीला संथ होती त्याला काहीही न करता लाभ झाला. पंचांच्या मनात कोणाबद्दल आकस नसेल, तरी नियम कोणावर पडणार हे त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच ठरलेले होते. फॉर्म्युला वनची गाडी तर आदल्या वर्षाच्या मध्यापासून आकार घेत असते. टायर कसे तापतील, हवेचा प्रवाह कुठून जाईल, मागची बाजू जमिनीपासून किती उंच राहील, हे सगळे त्या वेळच्या नियमांच्या भरवशावर ठरते, आणि एक दुवा काढला की साखळीतले बाकीचे दुवेही निरुपयोगी होतात.

२००३ चा हंगाम या दृष्टीने फार शिकवणारा आहे. ऑगस्टमधल्या हंगेरीच्या शर्यतीनंतर मायकेल शूमाकर ७२ गुणांवर, हुआन पाब्लो मोंतोया ७१ वर आणि किमी रायकोनेन ७० वर होते. शूमाकरची फेरारी ब्रिजस्टोनच्या टायरवर धावत होती, उरलेले दोघे मिशेलिनच्या. पुढच्या टायरचा जमिनीला टेकणारा पट्टा २७० मिलिमीटरपेक्षा रुंद असू नये असा नियम होता, आणि तोपर्यंत ही रुंदी नव्या, न वापरलेल्या टायरवर मोजली जात असे. मिशेलिनचा टायर नवा असताना नियमात बसे, पण धावताना झिजून त्याचा खांदाही जमिनीला टेकू लागे, अशी तक्रार पुढे आली. महासंघाने सांगितले की यापुढे शर्यत संपल्यावरही मोजमाप होईल. मिशेलिनचे म्हणणे होते की त्यांचे टायर २००१ पासून याच घडणीचे आहेत आणि एवढ्या काळात कोणी हरकत घेतलेली नाही. तरीही त्यांना मोन्झाच्या शर्यतीआधी नवा टायर घडवावा लागला. उरलेल्या तिन्ही शर्यती फेरारीने जिंकल्या आणि शूमाकर ९३ विरुद्ध ९१ असा विजेता ठरला.

इथे दोन्ही बाजूंना तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. २७० चा आकडा नियमात आधीपासून होता, तो कोणी नव्याने घातला नाही. पण मोजायचे कधी हे ज्या नियमात लिहिलेले नाही, त्यात तीन वर्षांची रूढ पद्धत हाच नियमाचा अर्थ होऊन बसतो, आणि तीन शर्यती व दोन गुणांचे अंतर उरलेले असताना तो अर्थ बदलणे म्हणजे नियम बदलणेच होय. फेरारी त्या तीन शर्यती केवळ यामुळे जिंकली असे मी म्हणणार नाही; तसे सिद्ध करता येत नाही. मोजण्याची नवी पद्धत पुढच्या हंगामापासून लागू केली असती तर कोणाचेही प्राण धोक्यात आले नसते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते, आणि म्हणून तो निर्णय मला आजही अन्यायकारक वाटतो.

'स्पष्टीकरण' हा शब्द या सगळ्या चर्चेत फार काळजीपूर्वक वाचावा लागतो. महासंघ संघांना वेळोवेळी तांत्रिक निर्देश पाठवतो. हा निर्देश म्हणजे नियम नव्हे. अमुक नियम आम्ही असा वाचतो, एवढेच तो सांगतो. अंतिम निर्णय शर्यतीच्या ठिकाणी नेमलेल्या पंचांचा, म्हणजे स्ट्युअर्डांचा, आणि त्यांच्यावर अपील न्यायालयाचा. परंतु निर्देश झुगारून उतरणाऱ्या गाडीवर आक्षेप येणार हे ठरलेलेच असल्यामुळे संघ तो मुकाट्याने पाळतात. नियम बदलायला संमती लागते आणि स्पष्टीकरणाला लागत नाही, म्हणून बदल स्पष्टीकरणाच्या वेषात येण्याचा मोह कायम राहतो.

याचे सर्वांत बोचरे उदाहरण २००६ चे आहे. रेनो संघाने गाडीच्या नाकाड्यात स्प्रिंगवर तोललेले वजन बसवले होते. गाडी उंचवट्यावरून गेली की हे वजन विरुद्ध दिशेने हलून धक्का शोषून घेई आणि पुढची चाके जमिनीला अधिक घट्ट धरून राहत. २००५ च्या अखेरीस हे यंत्र आले, तपासनीसांनी ते पाहिले, आणि २००६ ची गाडी त्याच्याभोवतीच रचली गेली. जुलैमध्ये जर्मनीच्या शर्यतीच्या सुमारास महासंघाने भूमिका घेतली की हे हलणारे वजन गाडीच्या वायुगतिकीवर, म्हणजे गाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहावर, परिणाम करते, म्हणून ते 'हलणारे वायुगतिकीय साधन' ठरते आणि निषिद्ध आहे. होकेनहाइमच्या स्ट्युअर्डांनी यंत्र वैध ठरवले. मग महासंघाने स्वतःच नेमलेल्या त्या स्ट्युअर्डांविरुद्ध अपील केले आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने ते अवैध ठरवले. फर्नांदो अलोन्सो त्या वर्षी तरीही १३४ विरुद्ध १२१ गुणांनी शूमाकरच्या पुढे राहिला, त्यामुळे पुष्कळांना हा प्रसंग आता आठवतही नाही. निकाल फिरला नाही म्हणून प्रक्रिया बरोबर होती असे होत नाही. ज्या वस्तूला वर्षभर चालू दिले ती 'पहिल्यापासूनच अवैध होती' असे म्हणण्यात, ज्याने विश्वासाने ती बनवली त्याला आरोपीच्या जागी उभे केले जाते.

तसाच पेच १९७८ मध्ये आला होता आणि तो तेव्हा अधिक सरळपणे सुटला. ब्रॅबहॅम संघाने गाडीच्या मागे मोठा पंखा बसवला, तो इंजिन थंड करण्यासाठी आहे असे सांगितले, पण प्रत्यक्षात तो गाडीखालची हवा ओढून तिला जमिनीला चिकटवून ठेवत असे. स्वीडनच्या आंदेरस्तोर्प येथे निकी लाउडा त्या गाडीवर आरामात जिंकला. विजय कायम राहिला, आणि ती गाडी पुन्हा कधी शर्यतीत उतरली नाही. जे झाले ते त्या दिवशीच्या नियमाने झाले, पुढे मात्र हे नको, अशी ती मांडणी होती. आपल्या राज्यघटनेच्या कलम २० मध्येही हाच विचार आहे: कृत्य घडले त्या वेळी जो कायदा अमलात होता, त्याचा भंग झाला असेल तरच माणसाला दोषी ठरवता येते.

सुरक्षिततेचा बदल या सर्वांहून वेगळा. १९९४ मध्ये इमोला येथे ३० एप्रिलला रोलंड रात्झेनबर्गर आणि १ मे रोजी आयर्टन सेना यांचा मृत्यू झाला, आणि काही आठवड्यांच्या आत महासंघाने गाड्यांचा वेग कमी करण्यासाठी टप्प्याटप्प्याने बदल लादले. स्पेनमध्ये गाडीखालचा मागचा भाग आखूड झाला, जर्मनीपासून तळाशी १० मिलिमीटर जाडीची लाकडी फळी बसवणे सक्तीचे झाले. हंगामाच्या मध्येच झालेले हे बदल अन्यायकारक होते असे म्हणण्याची माझी तयारी नाही; दोन माणसे गेल्यावर हंगाम संपेपर्यंत थांबा, असे कोण सांगणार? पण घाईलाही स्वतःचा धोका असतो. त्याच मे महिन्यात सिल्व्हरस्टोनला चाचणी करताना पेद्रो लामीच्या लोटस गाडीची मागची विंग निखळली आणि तो गंभीर जखमी झाला. इतक्या कमी वेळात बदललेले भाग पुरेसे तपासले जात नाहीत, हे संघांचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते. पुढे बेल्जियममध्ये शूमाकर पहिला आला, पण त्याच्या गाडीखालची तीच फळी मर्यादेपेक्षा जास्त झिजलेली आढळली आणि विजय डेमन हिलला मिळाला. हंगामाच्या सुरुवातीला जो भाग गाडीत नव्हताच त्याच्यामुळे दहा गुण गेले. हंगाम शेवटी ९२ विरुद्ध ९१ असा शूमाकरनेच जिंकला.

आता ज्या उदाहरणात सुरक्षितता आणि लाभ यांची गाठ सोडवता येत नाही त्याकडे वळू, आणि त्यात आपला एक संघही आहे. २०१३ मध्ये पिरेलीचे टायर लवकर झिजत होते. रेड बुलसारख्या संघांची त्याविषयी तक्रार होती, तर लोटस, फेरारी आणि फोर्स इंडिया या संघांनी आपल्या गाड्या या टायरला जपतील अशाच बनवल्या होत्या. पिरेलीने टायरची घडण बदलायचा प्रस्ताव ठेवला, पण सर्व संघांची संमती मिळाली नाही, आणि इथपर्यंत व्यवस्थेने आपले काम केले: ज्यांनी नियम पाहून योग्य गाडी बनवली त्यांना नकाराधिकार होता. मग ३० जूनला सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत हॅमिल्टन, मासा, व्हेर्न यांचे मागचे टायर भर वेगात फुटले, पेरेझचाही टायर गेला, आणि रबराचे तुकडे मागून येणाऱ्यांच्या डोक्यांजवळून उडाले. त्यानंतर संमतीचा प्रश्नच उरला नाही. जर्मनीत पोलादी पट्ट्याऐवजी केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याच्या पट्ट्याचे मागचे टायर आले आणि हंगेरीपासून २०१२ ची घडण व २०१३ चे रबर असा नवा टायर आला.

पुढचे आकडे बोलके आहेत. बेल्जियमपासून हंगाम संपेपर्यंतच्या नऊच्या नऊ शर्यती सेबास्टियन फेटेलने रेड बुलमधून जिंकल्या. मध्यापर्यंत मॅक्लारेनच्या पुढे असलेला फोर्स इंडिया ७७ गुणांवर सहावा राहिला आणि मॅक्लारेन १२२ गुणांसह पाचवा. संघांच्या क्रमवारीवर बक्षिसाची रक्कम ठरते, त्यामुळे लहान संघाला एक क्रमांक खाली येणे थेट पैशांत भोगावे लागते. फेटेल आधीपासूनच आघाडीवर होता, म्हणून विजेतेपद टायरने मिळवून दिले असे म्हणणे धाडसाचे होईल. पण टायर बदलला नसता तर फोर्स इंडियाचा उरलेला अर्धा हंगाम असा गेला नसता असे मला वाटते. २७ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फेटेलने चौथे विजेतेपद पक्के केले, आणि त्या गर्दीत टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा भारतीयांपैकी फार थोड्यांना हे सुचले असेल की त्याच बदलाने आपल्या संघाचे काय केले. टायर बदलणे आवश्यक होते याविषयी मला शंका नाही. खटकते ते हे की अशा बदलाने ज्याचे नुकसान होते त्याची कसलीही भरपाई व्यवस्थेत नाही. अतिरिक्त चाचणीचे दिवस, वायुबोगद्यात, म्हणजे हवेचा झोत सोडून गाडी तपासण्याच्या बोगद्यात, जास्तीचे तास, असे काहीतरी त्याला देता येते. २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली आहे, सुरुवातीला ती वर्षाला साडेचौदा कोटी डॉलर होती; त्यामुळे नियम बदलल्यावर नवा भाग बनवायचा पैसा त्याच बांधलेल्या रकमेतून काढावा लागतो, आणि भरपाईचा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक रास्त झाला आहे.

बदलाचा फायदा कोणाला होईल याचे भाकीत मात्र फसते, हेही सांगायला हवे. २०२० मध्ये मोन्झापासून पात्रता फेरी (जिच्यावर शर्यतीत कोण कितव्या जागेवरून निघणार हे ठरते) आणि शर्यत यांसाठी इंजिनाची मांडणी एकच ठेवण्याची सक्ती झाली; मर्सिडीजला वेसण घालण्यासाठी हे केले असे सगळे म्हणत होते, आणि तिथल्या पात्रता फेरीत पहिले स्थान पुन्हा मर्सिडीजच्या हॅमिल्टननेच मिळवले. २०२२ मध्ये गाड्यांचे उसळणे चालकांच्या पाठीला अपायकारक ठरत असल्याने बेल्जियमपासून निर्बंध आले. त्याचा फटका रेड बुलला बसेल अशी चर्चा होती, आणि व्हर्स्टाप्पेन तिथे चौदाव्या स्थानावरून निघून जिंकला. याच्या उलट २०११ मध्ये सिल्व्हरस्टोनला इंजिनाच्या धुराच्या झोताचा वायुगतिकीसाठी होणारा वापर रोखला गेला, शनिवार-रविवारच्या आतच कोणाला किती सूट यावरून भांडण झाले, आणि पुढच्या शर्यतीपासून जुनीच पद्धत परत आली. एका शर्यतीपुरता नियम हा प्रकार तर कोणत्याच कसोटीला उतरत नाही.

पुतण्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर खरे तर त्याच्याच अभ्यासात होते. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राजस्थान उच्च न्यायालयातील अनुवादकांच्या भरतीच्या प्रकरणात निकाल दिला. लेखी परीक्षा आणि मुलाखत झाल्यानंतर किमान ७५ टक्के गुणांची अट घातली गेली होती. न्यायालयाने सांगितले की जाहिरात निघाली की खेळ सुरू होतो, आणि त्यानंतर पात्रतेचे निकष बदलता येत नाहीत. मूळ नियमांत किंवा त्यांना धरून असलेल्या जाहिरातीतच तशी तरतूद असेल तर बदलता येतात, पण तेव्हाही तो बदल समानतेच्या कसोटीवर टिकला पाहिजे. राज्य लोकसेवा आयोगाची वर्णनात्मक परीक्षा २०२३ ऐवजी २०२५ पासून लागू व्हावी म्हणून विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, ते त्याला चांगले आठवते. त्या आंदोलनात मुख्य मागणी मुदतीची होती. मोटार शर्यतीतही बहुतेक भांडणे बदलाची नसतात, मुदतीची आणि कारणाच्या खरेपणाची असतात.

बदल नाकारल्याचेही एक उदाहरण आहे, आणि ते मी त्याला अखेरीस सांगितले. १९ जून २००५ च्या इंडियानापोलिसच्या शर्यतीआधी मिशेलिनचे टायर शेवटच्या तिरप्या वळणावर टिकत नाहीत असे सरावात उघड झाले. त्या वर्षी पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायर-संचावर पुरी करायची होती. वळणाआधी वेग मोडणारा नागमोडी तुकडा घालावा, ही विनंती महासंघाने फेटाळली. योग्य टायर आणणाऱ्यांवर तो अन्याय होईल, असे कारण दिले. मिनार्डीचे प्रमुख पॉल स्टॉडार्ट यांनी नंतर सांगितले की मिशेलिनचे संघ गुण न घेताही धावायला तयार होते, आणि प्रेक्षकांसाठी तेवढे तरी करायला हवे होते असे मला वाटते. गुणांना धक्का न लावता ते करता आले असते. चौदा गाड्या सरावफेरीनंतर आत वळल्या आणि सहाच गाड्यांची शर्यत झाली. त्या सहांपैकी एका जॉर्डन गाडीत नारायण कार्तिकेयन होते. ते चौथे आले आणि भारताला फॉर्म्युला वनमधले पहिले पाच गुण मिळाले. पुतण्याने विचारले, हे गुण खरे धरायचे का. मी हो म्हटले, कारण कार्तिकेयन यांनी आणलेला टायर त्या शर्यतीच्या नियमाला आणि त्या वळणाला, दोन्हींना पुरा पडला होता.